पोरगा वाचतो, पण समजतो काय?

पोरगा सातवीत गेला, पुस्तक घडाघडा वाचतो, असे आमचे शेतकरी व विणकर बंधू अभिमानाने सांगतात. वाचलेस त्याचा अर्थ काय, असे विचारताच तोच पोरगा खाली पाहू लागतो. याला वाचणे म्हणावे काय?

भूगोलातील ‘मृदेची धूप’ हे दोनच शब्द घ्या. नागपुरात एकाच बाकावर वऱ्हाडी बोलणारा, घरी हिंदी बोलणारा आणि गोंडी बोलणारा असे तिघे बसतात. धूप म्हणताच एकाला देवापुढचा ऊद आठवतो, दुसऱ्याला ऊन. मृदा तर तिघांच्याही घरात कोणी म्हणत नाही. वास्तविक पावसाच्या एका सरीने बापाच्या वावरातील काळी माती नाल्यात वाहून जाताना यांतल्या कित्येकांनी डोळ्यांनी पाहिली आहे! तीच ही धूप, एवढे सांगणारा शिक्षक पाहिजे. शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, ही जोतीराव फुल्यांची १८८२ सालची हंटर कमिशनपुढील मागणी आम्हांस येथे आठवते.

पण सारा दोष शिक्षकाच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. २०२१ साली निघालेल्या ‘निपुण भारत’ योजनेची नजर तिसरीपर्यंतच. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील आठवीच्या दर १०० मुलांपैकी सुमारे ३० मुलांस दुसरीचा मजकूरही वाचता आला नाही. अशांपुढे विज्ञानाचा धडा कसा ठेवावा, हे विज्ञानाच्या शिक्षकाला कोणी शिकविले? सरकारने प्रत्येक विषयाच्या शिक्षकास हे शिक्षण दिले पाहिजे. काम अवघड नाही. धड्याआधी पाचसहा शब्द मुलांच्या बोलीतून उलगडावे. उतारा स्वतः मोठ्याने वाचावा, मध्येच थांबून ‘हे असे का झाले?’ म्हणून विचारावे. उत्तर वऱ्हाडीत आले तरी आधी घ्यावे, मग पुस्तकी मराठीत बसवावे. गोंडीत आले तर शेजारच्या पोराकडून अर्थ घ्यावा, त्यात कमीपणा कसला? बोलीला हसणाऱ्या शिक्षकापुढे पोर पुन्हा तोंड उघडीत नाही.

आणि मायबापहो, तुम्हांस अक्षर येत नसले तरी रात्री भाकरी खाताना पोरीला विचारा, आज काय वाचलेस ते आपल्या बोलीत सांग. सांगता आले नाही तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ते बोला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीतील १०० पैकी ७५ जागा पालकांच्या आहेत.