जुन्या खिडकीला काचेपेक्षा सावली हवी

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना चितेगावातल्या नव्या घरांच्या खिडक्या पाहा. बहुतेक ॲल्युमिनियमच्या, सरकत्या काचेच्या. पुढे पैठणच्या जुन्या आळ्यांत जाड भिंतींतल्या लाकडी झडपा अजून दिसतात. पण दुरुस्ती निघाली की तिथेही तीच काच येते. इमारत वारसा यादीत असेल तर प्रश्न परवानगीचा होतो. त्याआधीचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो: खिडकी बदलून घर गार होते का?

युरोपात या विषयावर बरेच काम झाले आहे. ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ने 2024 मध्ये जुन्या इमारतींच्या ऊर्जाबचतीसाठी मार्गदर्शिका काढली. त्याआधी ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाच्या चाचण्यांत एकेरी काचेच्या जुन्या खिडकीतून जाणारी उष्णता लाकडी झडपा लावल्यावर 51 टक्क्यांनी, तर आतून दुसरी काच बसवल्यावर 63 टक्क्यांनी घटली होती. म्हणजे मूळ खिडकी न काढताही काम भागते.

पण तिथली चिंता आतली ऊब बाहेर जाऊ न देण्याची. आपली उलटी आहे, आणि इथेच जाहिरातीतली ‘डबल ग्लास’ फसवते. साधा हिशेब करू. बाहेर 42 अंश आणि आत 32 असताना एक चौरस मीटर एकेरी काचेतून तापमानाच्या फरकामुळे साधारण 57 वॅट उष्णता आत येते. दुहेरी काच ती निम्मी करते, म्हणजे 28-29 वॅटची बचत. मात्र मे महिन्यात दुपारी चारला पश्चिमेच्या त्याच खिडकीवर थेट उन्हाची 500 ते 600 वॅट ऊर्जा पडते आणि साध्या काचेतून तिचा मोठा भाग, निदान 400 वॅट, आत शिरतो. साठ वॅटचे सहा-सात जुने बल्ब खोलीत पेटवून ठेवावेत तसे. साधी दुहेरी काच हे ऊन फारसे अडवत नाही. बाहेरून सोडलेली बांबूची चिक किंवा मिटलेली झडप ते बरेचसे अडवते. आतला पडदा तितका उपयोगी नाही, कारण तोवर ऊन घरात आलेले असते.

मुंबईत ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती 2018 मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यांच्या खिडक्यांवरचे लांब छज्जे शोभेपुरते नाहीत, ते ऊन आणि पाऊस अडवतात. तिथेही अनेक घरांत सागवानी झडपांच्या जागी सरकत्या काचा आल्या. रहिवाशांना दोष देता येत नाही. पावसात लाकूड फुगते, फटींतून धूळ येते, आणि जुने काम जाणणारा सुतार शोधावा लागतो. पण झडप पूर्ण उघडते, दोन तावदानांची सरकती खिडकी निम्मीच.

मराठवाड्यात हा निम्मा भाग रात्री महागात पडतो. वाड्याची जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि ती उष्णता कित्येक तासांनी, अनेकदा झोपेच्या वेळी, आत सोडते. तेव्हा वारा खेळला नाही तर खोली पहाटेपर्यंत निवत नाही. वृद्धांना तहान कमी लागते, घामही कमी येतो. दिवसभर उन्हाचा ताण सोसलेल्या हृदयाला रात्री विसावा मिळाला नाही, तर उष्माघाताचा धोका वाढतो. कूलरलाही हवा बाहेर जायला दुसरी उघडी वाट लागते, हे किती घरांत पाळले जाते?

नियमांकडे याच नजरेने पाहायला हवे. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम होत नाही, पण आधीपासूनच्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते. मुंबईला 1995 पासून स्वतंत्र वारसा नियमावली आहे. माझ्या मते अशा परवानग्यांसोबत काय चालेल याची चित्रांसह यादी मालकाच्या हाती पडायला हवी: फटींना रबर किंवा नमद्याची पट्टी, आतून डासांची जाळी, जुन्या कड्यांना अडकवलेली चिक, कोरड्या हवेत वाळ्याचा ओला पडदा. हे सारे भिंतीला धक्का न लावता काढूनही घेता येते. आतून दुसरी काच बसवायचीच असेल, तर ती रात्री पूर्ण उघडणारी हवी.