दोघांची सही

काही महिन्यांपूर्वी एका स्नेह्यांनी मला विचारले, "साहेब, अमेरिकेत मुलीला मिळालेले ग्रीन कार्ड दोनच वर्षांचे कसे? काही फसवणूक तर नाही ना?" जावई तेथील नागरिक. फसवणूक नव्हती, तो कायदाच आहे. मात्र त्यांची काळजी अगदीच अनाठायी होती, असे मला म्हणवत नाही.

खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी अमेरिकेने १९८६ मध्ये हा कायदा केला. स्थायी निवासाचा हक्क मिळते वेळी विवाहाला दोन वर्षे झाली नसतील, तर तो हक्क सशर्त असतो. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी मिळून आय-७५१ हा अर्ज करावयाचा आणि संसाराचे पुरावे जोडावयाचे: संयुक्त बँक खाते, दोघांच्या नावे भाडेकरार, एकत्रित करविवरण. अर्ज झाला नाही तर हक्क संपुष्टात येतो आणि देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते.

शासनाने पडताळणी करण्यास माझी हरकत नाही. आक्षेप आहे तो दोघांच्या सहीला. घरात काय चालले आहे हे शासनाला दिसत नाही, म्हणून ते एका जोडीदाराची साक्ष मागते. परंतु त्यामुळे पडताळणीचे साधन त्याच्या हाती जाते. "सही करणार नाही" एवढे वाक्य परक्या देशातील मुलीला गप्प बसविण्यास पुरेसे असते.

ही उणीव कायदेमंडळाच्याही लक्षात आली. १९९० च्या दुरुस्तीने मारहाण वा पराकाष्ठेचा छळ सोसणाऱ्या जोडीदाराला एकट्याने अर्ज करण्याची मुभा मिळाली. त्यासाठी घटस्फोटाची अट नाही. प्रामाणिकपणे केलेला विवाह घटस्फोटाने संपला असेल, किंवा परत पाठविल्यास पराकोटीची हलाखी ओढवणार असेल, तरीही एकट्याचा अर्ज चालतो. असा अर्ज करण्यासाठी शेवटच्या ९० दिवसांची वाट पाहावी लागत नाही.

तरतूद आहे, पण ती ज्यांच्यासाठी आहे त्यांना ठाऊक नसते. शिवाय पुरावा कागदाचाच लागतो, आणि खाते, घर, वीजबिल सारे नवऱ्याच्या नावे असेल तर खऱ्या संसाराचीही खूण उरत नाही. लग्नात दागिन्यांची यादी काटेकोरपणे करणाऱ्या आपल्या कुटुंबांनी मुलीचे नाव खात्यावर आणि भाडेकरारावर लागले का, हेही तितक्याच आस्थेने विचारावे. तिच्या कागदपत्रांच्या प्रती तिच्याजवळ असाव्यात. अडचण आल्यास तेथील वकिलाचा सल्ला घ्यावा. नातेवाइकांच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

आपणही अंतर्मुख व्हावे. आपल्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी नोंदणीकृत विवाह किमान दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. पुढे घटस्फोट झाल्यास ते कार्ड रद्द होऊ शकते. म्हणजे येथेही एका व्यक्तीचा दर्जा दुसऱ्याच्या मर्जीला बांधलेला आहे.

लग्न खरे होते का, हे शासनाने जरूर विचारावे. ते टिकलेच पाहिजे, हे मात्र शासनाने ठरवू नये. कित्येक खरी लग्नेही मोडतात, आणि काही वेळा ती मोडणेच शहाणपणाचे असते.