विश्लेषण : खरीप ज्वारी काळी का पडते? कणसावरच्या बुरशीने मराठवाड्याच्या ताटात काय बदलले?

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पोखर्णी नृसिंह हे स्थानक लागते. नृसिंहाच्या मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावच्या परिसरात पावसाळ्यात आज सोयाबीन आणि कापूस दिसतो. एके काळी मराठवाड्यात खरिपाची ज्वारी सर्रास घेतली जाई. ती मागे पडण्याची कारणे अनेक आहेत : भाव, मजुरी, पाखरांची राखण. पण एक कारण कणसातच दडलेले आहे. ते म्हणजे बुरशी.

हा रोग नेमका काय आहे?

जगभर गव्हाच्या ओंबीवर ‘फ्युजेरियम’ नावाची बुरशी येते. फुलोऱ्यात दोन-तीन दिवस सलग ओल आणि ऊब मिळाली की ती ओंबीत शिरते. हिरव्या शेतात काही ओंब्या अकाली पांढऱ्या पडतात, दाणा सुरकुततो. अमेरिकेत 1993 मध्ये मिनेसोटा, नॉर्थ डकोटा भागातील गहू याच रोगाने मोठ्या प्रमाणावर गेला. ज्वारीत याच कुळातील बुरशी ‘कर्व्हुलेरिया’सारख्या इतर बुरशींच्या जोडीने येते. शेतकरी तिला साध्या शब्दांत ‘ज्वारी काळी पडली’ असे म्हणतो. गुलाबी-पांढरी झाक दिसली तर बहुधा फ्युजेरियम, मखमली काळा थर दिसला तर कर्व्हुलेरिया, अशी ढोबळ ओळख आहे. काणी रोगात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. तो रोग वेगळा.

परभणीच्या गव्हाला धोका आहे का?

तुलनेने कमी. इथला गहू नोव्हेंबरात पेरला जातो आणि जानेवारीच्या कोरड्या थंडीत ओंबीवर येतो. बुरशीला हवी असलेली ओल तेव्हा नसते. त्यामुळे इथे गव्हावर चर्चा होते ती प्रामुख्याने तांबेऱ्याची. रब्बीची मालदांडी ज्वारीही याच कारणाने पांढरीशुभ्र निघते. मात्र 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने गारपीट आणि अवकाळी पाऊस पाहिला आहे. कोरडा हंगाम कायम कोरडाच राहील, हे गृहीत धरता येत नाही.

मग खरीप ज्वारीच का सापडते?

उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. जुन्या गावरान जाती उशिरा पक्व होत. पाऊस सरल्यावर त्यांचा दाणा भरायचा. 1964 मध्ये ‘सीएसएच-1’ हा पहिला संकरित वाण आला आणि त्यामागे लवकर येणाऱ्या वाणांची रांग लागली. उत्पन्न वाढले, पण दाणा भरण्याचा काळ सप्टेंबरच्या पावसात आला. बुरशी फुलोऱ्यातच आत शिरते आणि कणीस पक्व होताना पाऊस लागला की बाहेर दिसते. म्हणजे डोळ्यांना काळेपणा दिसतो तोवर फवारणीची वेळ निघून गेलेली असते. 2025 च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. अशा वर्षी उभ्या कणसाला सुकायला उसंतच मिळत नाही.

नुकसान फक्त भावाचे आहे का?

पहिला फटका भावाचाच. केंद्राने 2025-26 साठी संकरित ज्वारीला क्विंटलला 3,699 रुपये हमीभाव जाहीर केला. पण तो ठरलेल्या दर्जाच्या मालाला. डागाळलेले दाणे मर्यादेबाहेर गेले की खरेदी केंद्रावर माल नाकारला जातो आणि तो व्यापाऱ्याला पडेल भावात द्यावा लागतो.

दुसरा फटका दिसत नाही. या बुरशी विषारी द्रव्ये तयार करू शकतात. 1987 मध्ये काश्मीर खोऱ्यात पावसात भिजलेल्या, बुरशी लागलेल्या गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाऊन लोक आजारी पडले. तपासात फ्युजेरियमची विषे सापडली. 1995 मध्ये कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातील 27 गावांत अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाल्ल्यानंतर पोटदुखी व जुलाबाची साथ आली. त्या धान्यात ‘फ्युमोनिसिन’ हे विष आढळले. प्रत्येक काळा दाणा विषारी असतो असे नाही. पण भाकरी तव्यावर भाजल्याने ही विषे पूर्ण नष्ट होत नाहीत, हे लक्षात ठेवायला हवे. अनेकदा असा माल ‘जनावरांना चालेल’ म्हणून गोठ्यात जातो. तोही सुरक्षित उपाय नाही.

यावर उपाय काय?

परभणीतच 1972 मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे, आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. तिथल्या ज्वारी संशोधनातून ‘पीव्हीके 801’ म्हणजेच ‘परभणी श्वेता’ हा बुरशीला सहनशील वाण निघाला. वाणाची निवड हा पहिला बचाव. मोकळे कणीस आणि टणक दाणा असेल तर पाणी साचत नाही आणि बुरशीला वाट कमी मिळते.

दुसरा बचाव काढणीच्या वेळेचा. दाण्याच्या तळाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरून झाला. त्यानंतर उभ्या पिकात वजन वाढत नाही, बुरशी मात्र वाढते. पावसाचा अंदाज असेल तर याच टप्प्यावर कणसे खुडून, पातळ पसरून वाळवावीत. ओली कणसे ढीग करून ताडपत्रीखाली झाकली तर आतली ऊब बुरशीच्याच पथ्यावर पडते. फुलोऱ्यात पावसाची झड लागली तर कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेऊन त्याच वेळी बुरशीनाशक फवारावे.

घरी काय करावे? काळे, गुलाबी, हलके आणि फुटके दाणे निवडून टाकावेत. धान्य नीट वाळवूनच कणगीत किंवा कोठीत भरावे.

पुढे काय?

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारीचे पौष्टिकपण शहरांना नव्याने कळले. पण सप्टेंबरात कणीस सुकवायला गावात शेड किंवा वाळवणी यंत्र नसेल, तर लवकर काढणीचा सल्ला कागदावरच राहतो. खरीप ज्वारी गेली की फक्त दाणा जात नाही, गुरांचा कडबाही जातो. त्यामुळे पोखर्णीसारख्या गावात ज्वारी परत आणायची तर हमीभावाच्या आकड्याइतकीच चर्चा सुकवणीच्या जागेचीही व्हायला हवी.