मॉर्फिनच्या हजारपट... म्हणजे नक्की किती?

दर सहा-आठ महिन्यांनी तो फॉरवर्ड येतोच. "समुद्री गोगलगाईच्या विषापासून मॉर्फिनपेक्षा हजारपट प्रभावी वेदनाशामक!" वर एक देखणा शंख, खाली हात जोडलेले तीन इमोजी. परवा एका मित्राने पाठवला आणि सोबत विचारलं, "आईसाठी मिळेल का रे हे?" काकूंचा कॅन्सर हाडांत पसरलाय. एरवी मी असले फॉरवर्ड हसून सोडून देतो. या वेळी जमेना.

तर मंडळी, आधी ते हजारपट प्रकरण निकालात काढू.

आमटीत चिमूटभर लवंगी मिरची घाला, नाहीतर चमचाभर बेडगी. चव सारखीच तिखट लागली, तर लवंगी कितीतरी पट "स्ट्राँग" झाली ना? पण आमटी तेवढीच तिखट आहे! औषधाचंही तेच. पोटन्सी म्हणजे तोच परिणाम किती कमी डोसमध्ये मिळतो ते. दुखणं हजारपट कमी होतं असा त्याचा अर्थ नाही. आणि हे असले आकडे बहुतेक वेळा उंदरांवरच्या प्रयोगांतून आलेले असतात. आमच्या धंद्यात सोयीचा बेंचमार्क निवडून क्लायंटला गुंडाळतात, तसलाच प्रकार.

मूळ गोष्ट मात्र झकास आहे. बाल्डोमेरो ओलिव्हेरा हे फिलिपिन्सचे. तिकडच्या समुद्रातल्या कोन स्नेल नावाच्या गोगलगाई दातांचा भाला मारून मासे पकडतात. त्यांच्यातल्या एका जातीच्या दंशाने माणसंसुद्धा मेली आहेत. अमेरिकेत युटा विद्यापीठात ओलिव्हेरा या विषाचा अभ्यास करत होते. १९८० च्या आसपास त्यांच्या प्रयोगशाळेत मायकेल मॅकिंटॉश नावाचा नुकताच शाळेतून बाहेर पडलेला १८ वर्षांचा पोरगा आला आणि त्याने 'कोनस मॅगस'च्या विषातून एक पेप्टाइड वेगळं केलं. २५ अमिनो आम्लांची साखळी, तीन गंधक-पुलांनी घट्ट बांधलेली. वेदनेचा निरोप मज्जारज्जूत जिथे पुढे ढकलला जातो, तिथलं एन-टाइप कॅल्शियम चॅनेल ते बंद करतं. तेच पेप्टाइड प्रयोगशाळेत जसंच्या तसं बनवलं आणि त्याचं नाव झालं झिकोनोटाइड. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला परवानगी दिली.

आता फॉरवर्ड जे सांगत नाही ते. गोळी करून गिळलं तर पेप्टाइड पोटात पचतं, डाळीतल्या प्रथिनांसारखं. शिरेतून दिलं तर रक्तदाब घसरतो आणि मेंदू-मज्जारज्जूपर्यंत ते धड पोचतही नाही. म्हणून शरीरात पंप बसवून, नळीने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात थेंबाथेंबाने सोडायचं. दिवसाला जास्तीत जास्त १९.२ मायक्रोग्रॅम. त्यातही डोस थोडा इकडचा तिकडे झाला की भास, गोंधळ, विस्मरण. गंभीर मानसिक परिणामांचा इशारा लेबलवर ठळक चौकटीत छापलेला आहे.

फायदे खोटे नाहीत हं. श्वास मंदावत नाही, सवय लागत नाही, एकदम बंद केलं तरी मॉर्फिनसारखा त्रास होत नाही. मॉर्फिनने भागेनासं झालेल्या काही रुग्णांना हा खरा आधार आहे. पण वीस वर्षांत ते घराघरात पोचलं नाही, याचं कारण रेणू कमजोर आहे हे नव्हे. अडलंय ते पोचवण्यापाशी. आणि गंमत म्हणजे तसल्याच पंपातून मॉर्फिनही देतात!

बरं, मॉर्फिनचं तरी काय? मंदसौर-नीमचला अफूची सरकारमान्य शेती करणारा आपला देश. गोळी स्वस्त. पण १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने परवान्यांचं असं जंगल उभं केलं की दवाखाने ती ठेवायलाच कचरू लागले. २०१४ मध्ये कायदा बदलला, धास्ती गेली नाही. मित्राला मी हेच सांगितलं: शंख सोड, पॅलिएटिव्ह केअरचा डॉक्टर गाठ, मॉर्फिनबद्दल स्पष्ट विचार.

मग विषावरचं संशोधन फुकट का? अजिबात नाही. माझं म्हणणं इतकंच, की विषाकडे तयार औषध म्हणून बघणं सोडा. ते कुलूप शोधून देणारी किल्ली आहे. एन-टाइप चॅनेल वेगळं ओळखता आलं ते दुसऱ्या एका कोन स्नेलच्या विषामुळे. फुगणाऱ्या पफर माशाच्या विषाने सोडियम चॅनेलांची वर्गवारी करता आली: कुठली त्याने बंद पडतात, कुठली दाद देत नाहीत. दाद न देणाऱ्यांपैकी एक म्हणजे वेदनेच्या नसांमधलं एनएव्ही १.८. जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने मान्य केलेलं सुझेट्रिजीन त्यावरच काम करतं. त्यात विषाचा थेंब नाही, साधी गोळी आहे, अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी. चाचण्यांत ती नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण अफूजन्य औषध आणि पॅरासिटामॉलच्या जोडगोळीला काही तिने मागे टाकलं नाही. आपल्याकडे के. एस. कृष्णन आणि पी. बालाराम यांनी भारतीय किनाऱ्यांवरच्या कोन स्नेलच्या पेप्टाइड्सवर काम केलं, तेही असंच: एकेक रेणू सोडवून, मोजून, त्याची रचना लावून.

त्याचे फॉरवर्ड मला अजून तरी कोणी पाठवलेले नाहीत.