लिहिलेलें जपून ठेवा

आमच्या शाळांतून मुलांस लिहावयास शिकवितात. लिहिलेलें जपावयास मात्र सहसा कोणी शिकवीत नाहीं. निबंधाची वही वर्षभर चालते, शिक्षक तांबड्या शाईनें तींत खुणा करितात, परीक्षेंत गुण मिळतात, आणि उन्हाळ्याच्या सुटींत तीच वही रद्दीवाल्याच्या तराजूंत जाते. ज्या वस्तूची अखेर रद्दींत ठरलेली आहे, तिच्यावर मन लावून कोण काम करील? मुलें निबंध पाठ करून उतरवितात, अशी आपण तक्रार करितों. परंतु लिहिणें हें गुणांपुरतेंच असतें, हें आपणच त्यांस आपल्या वागणुकीनें शिकविलेलें असतें. म्हणून माझें असें स्पष्ट मत आहे कीं, लेखन करणें आणि त्याची दुसरी प्रत ठेवणें, हे दोन्ही धडे शाळेनें एकत्रच द्यावे.

प्रथम लेखनाविषयीं. विद्यार्थिमित्रांनो, आठवड्यास एक पान लिहा. विषयासाठीं दूर जाऊं नका. बाजारांत कांद्याचा भाव सकाळीं काय होता व दिवेलागणीस काय झाला, आजी पापड कसे लाटते व ते किती दिवस उन्हांत ठेविते, गांवच्या विहिरीचें पाणी कोणत्या महिन्यांत तळास जातें, ह्या गोष्टी तुम्हांस जितक्या ठाऊक आहेत तितक्या दुसऱ्या कोणास नाहींत. 'पावसाळ्यांतील एक दिवस' ह्या विषयावर निबंध पुष्कळ आहेत; परंतु गेल्या मंगळवारीं तुमच्या गल्लींत पाणी कोठवर चढलें, हें सांगणारा निबंध तुम्हीच लिहूं शकाल. तारीख घाला, ठिकाण घाला. डोळ्यांनीं पाहिलेलें व कानांनीं ऐकलेलें वेगवेगळें ठेवा. मग तें पान सोबत्यास, घरच्या वडील माणसांस किंवा परगांवच्या मावशीस वाचावयास द्या. "म्हणजे काय?" असें वाचणारा जेथें विचारील, तेथें तुमचें वाक्य दुरुस्त करा. वाचकासारखा दुसरा शिक्षक नाहीं.

आतां जपणुकीविषयीं. बंगाल्यांतील श्रीरामपूर येथील मिशनरी विल्यम केरी ह्यांचें नांव मराठी वाचकांस परकें नाहीं. त्यांनीं मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं व मराठी कोश १८१० सालीं प्रसिद्ध केला. ११ मार्च १८१२ रोजीं संध्याकाळीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागदाचा मोठा सांठा जळाला, अनेक भाषांचे शिशाचे खिळे वितळले, आणि केरींनीं वर्षानुवर्षें खपून जमविलेल्या बहुभाषी कोशाचें हस्तलिखितहि त्या आगींत गेलें. राख उपसतांना मात्र खिळे ओतण्याचे साचे शाबूत सांपडले. त्यांवरून नवे खिळे ओतले गेले व त्याच वर्षीं छपाई पुन्हां चालू झाली. तो बहुभाषी कोश मात्र पुढें कधींच प्रसिद्ध झाला नाहीं. ज्याचा साचा उरला होता तें परत आलें. ज्याची एकच प्रत होती तें गेलें. केरींच्या उद्योगांत तिळभर उणें नव्हतें. उणें होतें तें दुसऱ्या प्रतीचें.

कोणी म्हणेल, छापून घेतलें म्हणजे झालें. तसेंहि नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें 'ख्रिस्तपुराण' गोंव्यांतील राचोल येथें १६१६ सालीं छापलें गेलें; पुढें १६४९ व १६५४ ह्या सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. तरीहि त्या ग्रंथाच्या दहा हजारांहून अधिक ओंव्या आज आपणांस वाचतां येतात, त्या कशामुळें? लोकांनीं तो ग्रंथ हातानें उतरवून आपापल्या घरीं ठेविला, म्हणून. अशा हस्तलिखितांच्या आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हां छापण्यांत आला. ग्रंथ वांचला तो निरनिराळ्या ठिकाणीं असलेल्या प्रतींमुळें.

आज आपलें पुष्कळसें लेखन मोबाइलवर किंवा संगणकावर होतें. तें नाहींसें व्हावयास आग लागण्याचेंहि कारण नाहीं. मोबाइल पाण्यांत पडला, चोरीस गेला, किंवा जागा भरली म्हणून घरांतील कोणी सहज चार गोष्टी पुसून टाकिल्या, कीं पुरें. दूरच्या एखाद्या कंपनीच्या जागेवर लेखन ठेविलें, तरी ती जागा आपल्या मालकीची नसते. आपल्या देशांत अतिशय लोकप्रिय झालेली ऑर्कुट ही सेवा ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झाली. तशी सूचना तीन महिने आधीं मिळाली होती. पण सूचना मिळाल्यावर धांवपळ करण्यापेक्षां आधींपासून प्रत ठेवणें शहाणपणाचें.

ह्याचा नियम सोपा आहे. लेखनाच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक तरी घराबाहेर असावी. एक प्रत मोबाइलवर, दुसरी पेन ड्राइव्हवर, आणि तिसरी कागदावर उतरवून मामांच्या घरीं, एवढ्यानें काम भागतें. प्रत्येक प्रतीस तारखेचें नांव द्यावें, म्हणजे नवी कोणती व जुनी कोणती ह्याचा घोंटाळा होत नाहीं. येथें एक गैरसमज फार आढळतो. मोबाइलवर लिहिलेलें आपोआप संगणकावरहि दिसूं लागलें, कीं दुसरी प्रत झाली असें मुलें समजतात. बहुधा तें प्रतिबिंब असतें, प्रत नव्हे. एकीकडे पुसलें कीं दुसरीकडचेंहि पुसलें जातें. प्रत ती, जी मूळ गेलें तरी आपल्या जागीं राहते. आणि ती महिन्यांतून एकदां उघडून वाचून पाहावी. पेटी भरलेली आहे असें समजून वर्षभर कुलूप लावून ठेवावी आणि गरजेच्या वेळीं ती रिकामी निघावी, असें होऊं नये.

पालकहो, आपण म्हणाल कीं परीक्षेचा अभ्यास सोडून हा उद्योग कशास? शिवाय पोरांच्या लिहिण्यांत जपण्यासारखें तें काय असणार? पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, जो मुलगा आठवड्यास एक पान स्वतःच्या शब्दांत लिहितो, त्यास परीक्षेंतील उत्तर पाठ करण्याची गरज कमी पडते. दुसऱ्याचें उत्तर ॲम्स्टरडॅम शहरांत सांपडेल. ॲन फ्रँक ही तेरा वर्षांची मुलगी १९४२ सालीं रोजनिशी लिहूं लागली. युद्धकाळांतील रोजनिशा व पत्रें लोकांनीं जपून ठेवावीं, असें आवाहन १९४४ सालीं तिनें रेडिओवर ऐकलें, आणि आपलें लिहिणें ती पुन्हां नीट लिहूं लागली. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत तिला पकडून नेलें. जमिनीवर विखुरलेलीं तीं पानें दोघी परिचित स्त्रियांनीं गोळा करून ठेविलीं, म्हणून १९४७ सालीं पुस्तक निघालें. तीं पानें त्या दिवशीं केर म्हणून झाडून टाकिलीं असतीं, तर जग त्या मुलीस ओळखलेंच नसतें. प्रत्येक मूल तिच्यासारखें लिहील असें नव्हे. पण कोणाचें लिहिणें पुढें मोलाचें ठरेल, हें आज रद्दी बांधतांना आपणांस कळत नाहीं.

एक सावधगिरी मात्र हवी. जपावयाचें तें सारेंच चारचौघांपुढें मांडावयाचें नसतें. घरचा पत्ता, फोनचा आंकडा, शेजारच्या घरांतील भांडण, सोबत्याची फजिती, ह्या गोष्टी दुसऱ्यांस दाखवावयाच्या पानांत येऊं नयेत. खाजगी वही खाजगीच राहूं द्यावी. आईबापांनींहि ती मुलास विचारल्यावांचून उघडूं नये.

माझी सूचना एवढीच कीं, आठवीपासून पुढें दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारीं एक तास ह्या कामास द्यावा. मुलांनीं महिन्याचीं चार पानें आणावीं. शिक्षकांनीं भाषा पाहावी, आणि लागलीच दुसरी प्रतहि मागावी. ती नसेल तर काम अर्धेंच झालें असें समजावें. ज्याच्या घरीं संगणक नाहीं त्यानें हातानें उतरवावें. उतरवितांना चुका दिसतात, हा वर आणखी लाभ. अशा रीतीनें दहावी होईपर्यंत प्रत्येकाजवळ स्वतःचीं शंभराहून अधिक पानें जमतील. शाळा सोडतांना गुणपत्रिका तर सर्वांनाच मिळते; त्या पानांत मात्र आपलें गांव, आपलीं माणसें आणि त्या वयाचे आपण सांपडतों. तीं पानें रद्दींत जाऊं देऊं नका.