सर्पगंधा : गुणकारी, म्हणूनच जोखमीची

शहापूर व मुरबाड तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना एक विनंती वारंवार ऐकू येते : "बी.पी.ची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते म्हणतात. त्यापेक्षा झाडपाल्याचे काही द्या, त्याने अपाय तर होत नाही." या विश्वासाबद्दल आनंद मानावा की चिंता करावी? आमच्या मते चिंताच करावी.

सर्पगंधेचेच उदाहरण घेऊ. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचे अनुभव प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. रेसर्पिनची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजली जाते. मुळीतील त्याचे प्रमाण मात्र सर्वत्र सारखे नसते. मग 'चिमूटभर चूर्ण' ही मात्रा कशी ठरावी? नाडीमांद्य, नाक चोंदणे, अतिनिद्रा, आमाशयव्रण आणि विशेषतः विषाद हे तिचे ज्ञात उपद्रव आहेत. विषादाचा किंवा आमाशयव्रणाचा इतिहास असलेल्यास, तसेच गर्भिणीस ती देऊ नये. अ‍ॅटेनोलॉल अथवा डिगॉक्सिन चालू असल्यास नाडी धोकादायक रीतीने मंदावू शकते.

दुसरी बाजू अधिक दुर्लक्षित आहे. कासावर व अम्लपित्तावर आपण सर्रास देतो ती यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्यास शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. श्वासावरील सोमलताही रक्तदाब वाढवते. लवणभास्कर चूर्णातील लवण रुग्णाच्या पथ्यात कोणी मोजतो काय?

यास्तव व्यवसायबंधूंना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, रक्तदाब मोजल्याविना औषध देऊ नये व प्रत्येक भेटीत त्याची नोंद ठेवावी. चालू असलेल्या सर्व गोळ्या रुग्णास सोबत आणावयास सांगाव्यात. त्या आपल्या शब्दावर बंद करू नयेत. अ‍ॅटेनोलॉल वा क्लोनिडीन एकाएकी थांबविल्यास रक्तदाब उसळतो, आणि आपल्या पाड्यांवरून पक्षाघाताचा रुग्ण कल्याण-ठाण्यास पोहोचेपर्यंत मोलाचा वेळ निघून जातो. मात्रा कमी करावयाचीच असेल, तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, मोजमापाच्या आधारे करावी. मिठाचा संयम, व्यायाम, निद्रा आणि तंबाखू-मद्यत्याग यांचा उपदेश मात्र पहिल्या दिवसापासून करावा. त्यात आपला हातखंडा आहे.

औषधी दुकानदार बंधूंनी सर्पगंधायुक्त कल्प वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नयेत, आणि आठवडे बाजारातील अनोळखी मुळी ओळख पटल्यावाचून कपाटात ठेवू नये. यष्टिमधु मागणाऱ्यास "बी.पी. आहे का?" एवढे विचारण्यास कितीसा वेळ लागतो? उपद्रव आढळल्यास तो आयुष मंत्रालयाच्या औषध-दक्षता यंत्रणेकडे कळवावा. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे.

युक्तीवाचून योजलेले औषध विषासमान होते, हा आपल्या शास्त्राचाच दंडक आहे. 'अपाय होत नाही' असे सांगून आपण आयुर्वेदाचा गौरव करीत नाही; औषधाचे सामर्थ्यच नाकारतो.