एल्नचे बाळंतघर

जुन्या वास्तूंबद्दल या सदरात लिहिताना ती कुणी बांधली, शैली कोणती, हे आधी येते. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, एल्न गावाबाहेर उभ्या असलेल्या हवेलीबाबत मात्र हे दोन वाक्यांत आटोपतो. सिगारेटच्या कागदावर श्रीमंत झालेल्या बार्दू घराण्यातल्या युजेन बार्दूने विसाव्या शतकाच्या आरंभी ती बांधवून घेतली. आराखडा डेन्मार्कच्या व्हिगो डॉर्फ-पीटरसनचा, माथ्यावर काचेचा घुमट.

खरा इतिहास १९३९ साली सुरू होतो. स्पेनच्या यादवी युद्धात जानेवारीअखेर बार्सिलोना पडले आणि बंडखोर सेनापती फ्रँकोच्या फौजांपुढून पळालेली जवळपास पाच लाख माणसे सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये आली. फ्रान्सने त्यांना आर्जलेसच्या किनाऱ्यावर, काटेरी तारांच्या आत, ऐन थंडीत उघड्या वाळूवर बसवले. त्यांत दिवस भरलेल्या बायकाही होत्या. काही तिथेच बाळंत झाल्या, काही पर्पिन्याँ शहरातल्या घोड्यांच्या पागेत.

एलिझाबेथ आयडेनबेन्झ ही स्वित्झर्लंडची शिक्षिका तेव्हा पंचविशीत होती. ना डॉक्टर, ना सुईण. स्पेनमधल्या मुलांना मदत करणाऱ्या स्विस पथकातून ती आली होती. आधी तिने जवळच्या ब्रुइया गावात प्रसूतीची सोय केली, मग ओस पडलेली ही हवेली मिळवून दुरुस्त करून घेतली. ७ डिसेंबर १९३९ रोजी तिथे पहिले मूल जन्मले.

छावणीतून बाई दिवस भरण्याच्या काही आठवडे आधी येई आणि बाळंतपणानंतरही काही आठवडे राही. स्वच्छ अंथरूण, गरम जेवण, मोठ्या खिडक्यांतून येणारे ऊन. जिला दूध जास्त येई, ती दुसरीच्या बाळालाही पाजी. मग बहुतेकींना पुन्हा त्याच तारांच्या आत परतावे लागे. सुटका नव्हती, एवढीच उसंत होती. पण ओल्या बाळंतिणीला आणि तान्ह्या जिवाला त्या उसंतीचे मोल किती, हे आपल्याकडच्या कोणत्याही आजीला विचारावे.

पुढे दुसऱ्या महायुद्धात ज्यू आणि जिप्सी बायकाही येऊ लागल्या. १९४२ पासून हे काम स्विस रेडक्रॉसच्या नावाखाली आले आणि तटस्थतेचा दंडक आला : पोलिसांना हव्या असलेल्या कुणालाही आसरा द्यायचा नाही. एलिझाबेथने तो मानला नाही. ज्यू बाळांची खरी ओळख ती लपवत राहिली. माझ्या मते या घराची सगळ्यांत मोठी गोष्ट हीच आहे. दया पुष्कळांना येते. आपल्याच संस्थेचा हुकूम मोडून ती निभावणे फार थोड्यांना जमते. १९४४ च्या वसंतात जर्मन सैन्याने हवेली ताब्यात घेतली. तोवर ५९७ मुले तिथे जन्मली होती.

त्यानंतर जवळपास अर्धे शतक विस्मरणाचे. एलिझाबेथ ऑस्ट्रियात निर्वासितांसाठी काम करत राहिली आणि हवेली ढासळत गेली. हे विस्मरण निव्वळ काळाचे होते, असे मला वाटत नाही. आर्जलेसची छावणी जर्मनांनी नव्हे, फ्रेंच प्रजासत्ताकाने उभारली होती, आणि ते आठवणे गैरसोयीचे होते. १९९७ मध्ये काचकाम करणाऱ्या एका कारागिराने घर विकत घेऊन डागडुजी सुरू केली. तिथेच जन्मलेल्या एका ज्यू गृहस्थाच्या खटपटीने एलिझाबेथचे नाव पुढे आले आणि २००२ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या ज्यू-संहार स्मारक संस्थेने तिचा गौरव केला. २०११ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी ती वारली.

त्याआधीच, २००५ मध्ये, एल्नच्या नगरपालिकेने हवेली खरेदी केली. एवढ्या देखण्या घराचे महागडे हॉटेल सहज झाले असते. आठ-नऊ हजार वस्तीच्या गावाने सार्वजनिक पैसा घालून ते स्मृतिस्थळ म्हणून राखले, हा निर्णय मला शंभर टक्के योग्य वाटतो. पर्पिन्याँहून रेल्वेने स्पेनकडे निघालेल्या वाचकांनी दहाएक मिनिटांवरच्या एल्न स्थानकावर उतरावे आणि हे घर पाहूनच पुढे जावे.